रजा आणि राजीनामा : ताजुद्दीनबाबांच्या चरित्रकथेतील मनःशांतीची परिभाषा

मराठी संतसाहित्याच्या अभ्यासात ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा विभाग रूढ होऊन बराच काळ लोटला आहे. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे वाङ्मय संपादून प्रसिद्ध केले, रा. चिं. ढेरे यांनी या कवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यू. म. पठाण यांनी सूफी संतांच्या मराठी रचनेचा आयुष्यभर मागोवा घेतला. या त्रयीच्या कामाशिवाय या विषयावर एक पाऊलही टाकता येत नाही. मात्र या अभ्यासाने स्वतःपुढे ठेवलेला मुख्य प्रश्न समन्वयाचा होता. मुसलमान कवीने मराठी भक्तिपरंपरेला काय दिले, तिच्यातून काय घेतले, दोन धर्मांतील अंतर त्याने कसे कमी केले, याची चर्चा विपुल झाली. त्या कवीला त्याच्या स्वतःच्या श्रद्धेने काय दिले, त्या श्रद्धेत माणसाचे मन कशाने निवते आणि त्याच्या सुखाचे स्वरूप काय असते, हे मात्र क्वचितच विचारले गेले. परिणामी मराठी वाङ्मयविचारात मुसलमान माणूस दोनच रूपांत वावरतो : तो समन्वयवादी तरी असतो किंवा व्यथित तरी. स्वतःच्या श्रद्धेत स्वस्थ असलेला मुसलमान मराठी गद्यात शोधू गेल्यास अडचण येते ती माणसांची नाही, शब्दांची. ही अडचण नेमकी कोठे आहे हे पाहण्यासाठी नागपूरच्या ताजुद्दीनबाबांची चरित्रकथा हे फार उपयोगी उदाहरण आहे.

सय्यद मुहम्मद ताजुद्दीन यांचा जन्म १८६१ मध्ये कामठी येथे झाला. कामठी हे इंग्रजांनी १८२१ मध्ये वसविलेले लष्करी ठाणे. मद्रासी पलटणींतील शिपाई, त्यांचे दक्षिणी कुटुंबकबिले आणि पुढे उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर यांची ही मिश्र वस्ती नागपूरच्या भोसलेकालीन मराठी जगाला लागून, पण त्याच्यापासून वेगळी राहिली. बाबांचे घराणे याच पलटणी जगातले. लहानपणीच आईवडील गेले, आजोळी वाढ झाली, मदरशात शिक्षण झाले, तरुणपणी पलटणीत भरती झाली. पलटण सागरला गेली तेव्हा ते तेथील एका चिश्ती संताच्या मजारीवर रात्री घालवू लागले. मग नोकरी सुटली. कामठीला परतल्यावर लोकांनी वेडा ठरविले, पोरांनी दगड मारले आणि १८९२ मध्ये सरकारने त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. तेथे सोळा वर्षे गेली. १९०८ मध्ये नागपूरकर भोसले घराण्यातील राजे रघूजीराव यांनी जामीन भरून त्यांना बाहेर काढले व शकरदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. मधली काही वर्षे ते कन्हान नदीकाठच्या वाकी या खेड्यात राहिले, पुन्हा शकरदऱ्यास आले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. उमरेड मार्गावरील ताजबाग हे त्यांच्या मजारीचे ठिकाण आज नागपूरच्या सर्वांत गजबजलेल्या श्रद्धास्थानांपैकी एक आहे. तेथे येणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्या हिंदूंची संख्या फार मोठी असते.

या माणसाने एक ओळही लिहिली नाही. समीक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक आहे. शेख महंमदांच्या बाबतीत ‘योगसंग्राम’ समोर असतो, येथे संहिता म्हणून हाती येते ती इतरांनी सांगितलेली कथा. तीही एक नव्हे. उर्दूतील तजकिऱ्यांची एक परंपरा आहे. बाबांच्या नात्यातले आणि नागपुरात नऊ वर्षे त्यांच्या सहवासात राहिलेले मुहम्मद अजीम बरखिया (१८९८-१९७९), ज्यांना पुढे कराचीत कलंदर बाबा औलिया म्हणून ओळखले गेले, त्यांचा तजकिरा त्यात महत्त्वाचा. मेहेरबाबांच्या संप्रदायाने बाबांना आपल्या पाच ‘सद्गुरूं’त गणले व त्यांची कथा स्वतःच्या तत्त्वप्रणालीत बसविली. तिसरी परंपरा मराठी-हिंदी चरित्रपुस्तिकांची आणि तोंडी सांगितल्या जाणाऱ्या अनुभवांची आहे. तिच्यात बाबा अवधूत होतात, सद्गुरू होतात, त्यांची मजार समाधी होते. प्रसंग तिन्हींत पुष्कळसे तेच आहेत. बदलते ती परिभाषा. परिभाषा बदलली की प्रसंगाचा अर्थ तोच राहतो, असे समजणे ही भाबडी समजूत होय.

इस्लामी परंपरेत मनाच्या शांतीसाठी जे शब्द आहेत त्यांतील तीन येथे विचारात घ्यावे लागतात. पहिला ‘इत्मिनान’. कुराणाच्या ‘अर्-रअद’ या सूरेत अंतःकरणाला इत्मिनान मिळण्याचा संबंध ईश्वराच्या स्मरणाशी जोडलेला आहे. या अरबी धातूत स्थिरावणे, खाली बसणे असा भाव आहे, सखल जमिनीलाही त्यावरून साधलेला शब्द वापरतात. उंचावरून आलेले पाणी जसे सखलात येऊन थांबते, तसे मन थांबते. दुसरा शब्द ‘सकीना’, ज्याचे सुकून हे भावंड उर्दूने घरोघर पोचविले. त्याच्या मुळाशी राहणे, वस्ती करणे हा अर्थ आहे. तिसरा ‘रिजा’, फारसी उच्चारात ‘रजा’, म्हणजे ईश्वराच्या इच्छेला राजी असणे. सूफी मार्गाच्या मुक्कामांत या मुक्कामाला फार वरचे स्थान आहे. ‘अल्-फज्र’ या सूरेच्या अखेरीस शांत झालेल्या जीवाला जी हाक आहे, तिच्यात तो जीव राजी आहे आणि त्याच्यावर ईश्वर राजी आहे, अशी दुहेरी रचना एकाच धातूतून साधली आहे. सूफी मानसशास्त्राने कुराणातूनच नफ्साच्या तीन अवस्था घेतल्या : वाईटाकडे ओढणारा, स्वतःला दोष देणारा आणि अखेर इत्मिनान पावलेला. म्हणजे या विचारात शांती ही सुरुवातीची निरागसता नव्हे. आतली झुंज होऊन गेल्यावर लाभलेला तो मुक्काम आहे. शिवाय तो एकट्याने मिळवायचा नाही, त्यात दुसऱ्या बाजूची संमती लागते.

आता मराठीकडे वळल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. हे शब्द मराठीला परके नाहीत. ते शतकानुशतके मराठीत आहेत आणि रोज वापरले जातात. ‘साकीन’ हा शब्द जुन्या मराठी कागदपत्रांत माणसाचे राहते गाव सांगण्यासाठी येतो, तो सकीनाच्याच मुळाचा. ‘रजा’ म्हणजे कचेरीतून घेतलेली सुटी. ‘राजीनामा’ म्हणजे मूळचे संमतिपत्र, मराठीत त्याचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद. ‘सबूर’ हा शब्द सूफींच्या सब्राचा, म्हणजे ईश्वरावर भरवसा ठेवून सोसण्याचा, मराठीत तो थांबण्याचा हुकूम झाला. ‘इमान’ म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा, मराठीत ते धन्याशी राखलेली निष्ठा झाले, आणि त्याचा अभाव म्हणजे बेइमानी ही धन्याची फसवणूक. ‘उर्स’ म्हणजे विवाह. संताचा मृत्यू हा प्रियतमाशी झालेला विवाह मानून त्या दिवसाचा आनंद साजरा होतो. मराठीत उरूस म्हणजे पाळणे, मिठाईची दुकाने आणि कुस्त्यांचा फड असलेली जत्रा.

या शब्दांच्या मराठीतील प्रवासाला एक दिशा आहे. ते दफ्तरातून आणि छावणीतून आत आले. निजामशाही-आदिलशाहीच्या कारभारात, पुढे पेशवाई व भोसल्यांच्या दरबारात त्यांचा मराठी संसार थाटला गेला, आणि दाराशीच त्यांची धार्मिक बाजू गळून पडली. शिवकालात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो उपक्रम झाला, त्याचे नावच बोलके आहे : व्यवहाराच्या बाहेर हे शब्द कोणी पाहिलेच नव्हते. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. त्याच वर्षी ताजुद्दीनबाबा वारले, हा निव्वळ योगायोग. पण ज्या कोशकाराने हे शब्दधन इतक्या प्रेमाने उघडून दाखविले, त्यानेच पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्यांतील पुष्कळ शब्दांच्या उच्चाटनाचा पुरस्कार करावा, याला योगायोग म्हणता येत नाही. शब्द व्यवहारापुरतेच असतील तर ते बदलता येतात. त्यांत कोणाची श्रद्धा राहत असेल ही शक्यता त्या वादात दोन्ही पक्षांच्या ध्यानी आली नाही.

म्हणून मराठी लेखक मुसलमान माणसाच्या आंतरिक सुखाविषयी लिहू लागतो तेव्हा हाताशी असलेले शब्द सोडून ‘शांती’, ‘समाधान’, ‘विश्रांती’, ‘मोक्ष’ या शब्दांकडे जातो. हे शब्द उत्तम आहेत, परंतु त्यांच्यामागे एक संपूर्ण दर्शन उभे आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’त ‘समाधान’ हा जवळजवळ पारिभाषिक शब्द आहे. नवविधा भक्तीचा शेवट ज्या आत्मनिवेदनात होतो तेथे भक्त व देव हे दोनपण मावळते, आणि ते मावळल्यावर जे उरते त्याचे नाव समाधान. इत्मिनानाला दोनपण आवश्यक आहे, कारण ज्याचे स्मरण करायचे तो आणि स्मरण करणारा यांतले अंतर बुजले की स्मरणच थांबते. सूफींत अद्वैताकडे झुकणाऱ्या धारा नाहीत असे नव्हे. इब्न अरबीच्या प्रभावाखालील दख्खनी सूफींनी तर त्या दिशेने बरीच मजल मारली. तरीही ‘फना’ नंतर ‘बका’ सांगितल्याशिवाय ते थांबत नाहीत, आणि नमाजाची वेळ झाली की बंदा पुन्हा बंदा होतो. समाधान या शब्दात हे परतणे मावत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन ताजुद्दीनबाबांच्या राजीनाम्याची कथा वाचली पाहिजे. ती अशी सांगतात : तरुण ताजुद्दीन शस्त्रागारावर पहाऱ्याला असताना त्याचा इंग्रज कप्तान रात्री तपासणीस आला. शिपाई जागेवर उभा होता. थोड्याच वेळात कप्तानाला तोच शिपाई जवळच्या मशिदीत नमाज पढताना दिसला. तो परत फिरून पाहतो तर शिपाई पहाऱ्यावरच. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली तेव्हा ताजुद्दीनने पोशाखासह सगळे सरंजाम पुढे टाकले आणि दोन-दोन चाकऱ्या एकदम होत नाहीत, अशा आशयाचे काही म्हणून तो निघून गेला.

करामत म्हणून ही कथा साधारणच आहे, एकाच वेळी दोन ठिकाणी दिसणारे संत सर्व परंपरांत आढळतात. तिचे वैशिष्ट्य चाकरीच्या हिशेबात आहे. कथेतला शिपाई पहारा चुकवीत नाही, त्याचे इमान धन्याशी शाबूत आहे. तरी तो जातो. हा राजीनामा मराठी अर्थाने नोकरी सोडण्याचा आहे आणि मूळ अर्थाने राजी होण्याचा. मराठी चरित्रपुस्तिकांत येथे बहुधा ‘वैराग्य’ हा शब्द येतो, आणि त्याने कथेचा कणा मोडतो. विरक्त माणूस चाकरी या गोष्टीलाच कंटाळतो. येथे एक चाकरी सोडली जाते ती दुसरी अधिक मोठी पत्करली म्हणून. मराठी वाचकाला हा अर्थ पोचविण्यासाठी कोणताही नवा शब्द घडविण्याची गरज नव्हती, ‘राजीनामा’ हाच शब्द पुरेसा होता.

या ठिकाणी आठ शतकांपूर्वीच्या एका राजीनाम्याची आठवण अपरिहार्य आहे. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातील अबू हामिद अल्-गझाली या सर्वमान्य आचार्याची वाचा बसली. शिकवायला तोंड उघडावे तर शब्द फुटेना, अन्न पचेना. दुखणे अंतःकरणाचे आहे, असे वैद्यांनी सांगितले. हजला जातो असे निमित्त करून गझालींनी ते पद सोडले. पुढे वर्षांनी त्यांनी स्वतःच ही हकीकत लिहिली, आणि फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ हा सुखाच्या किमयेचा ग्रंथ रचला, जो हिंदुस्थानी मुसलमानांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. या ग्रंथात सुख हे धातू सोन्यात पालटण्यासारखे, म्हणजे हळूहळू, साधनांनी आणि गुरूच्या नजरेखाली घडणारे आहे. गझालींना पुन्हा वाचा लाभली. ताजुद्दीनबाबांना सर्वसामान्य अर्थाने ती कधी लाभली नाही, त्यांचे बोलणे तुटक, कोड्यांत राहिले. गझालींचे दुखणे त्यांच्या स्वतःच्या गद्यात सुसूत्र झाले. बाबांच्या बाबतीत ते काम इतरांना करावे लागले, आणि म्हणूनच त्यांची कथा इतकी वादग्रस्त व इतकी समृद्ध आहे.

इस्पितळाच्या पर्वाकडे वळताना एक मोह टाळणे आवश्यक आहे. फूकोचे नाव घेऊन, वसाहतवादी सत्तेने एका संताला वेडा ठरवून कोंडले, असे म्हटले की काम झाले असे वाटू लागते. सत्तेचा भाग खराच आहे. कामठीच्या छावणीतील गोऱ्या स्त्रियांच्या क्लबाच्या मैदानावर बाबा विवस्त्र गेले आणि त्यावरून त्यांना पकडले, ही चरित्रकथांतील हकीकत सत्तेला काय खुपले हे पुरेसे सांगते. पण इस्पितळाच्या वैद्यांप्रमाणेच मुसलमानी धर्मशास्त्रानेही वेडाचा विचार केला होता. झोपलेला, लहान मूल आणि वेडा यांच्यावरून हिशेबाची लेखणी उचललेली असते, हे तत्त्व फिकहात सर्वत्र मान्य आहे. वेड्यावर नमाज-रोजा फर्ज नाही. म्हणजे शरीयतही वेड्याला एक प्रकारची रजा देते. ईश्वराने ओढून घेतलेला, ज्याला ‘मज्जूब’ म्हणतात, असा माणूस या रजेच्या कक्षेत येतो की नाही, हा उलेमा आणि सूफी यांच्यातील जुना वाद आहे. सावध सूफीसुद्धा मज्जूबाचा आदर करावा पण अनुकरण करू नये, असे सांगतात. कारण मज्जूब इत्मिनानाच्या मुक्कामावर पायऱ्या चढून गेलेला नसतो, तो उचलून नेलेला असतो.

यातून उद्भवणारे कोडे तिन्ही परंपरांतील चरित्रकथांना सोडवावे लागले आहे. ज्याच्या स्वतःच्या बोलण्या-वागण्यात शांतीचे एकही बाह्य लक्षण नाही, त्याच्यापाशी येऊन शेकडो माणसांना शांती कशी मिळते? इस्पितळाच्या फाटकाशी दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली, असे सर्व चरित्रकार सांगतात. नोकरी गेलेले, मूल नसलेले, खटल्यात अडकलेले, दुखणाईत असे ते लोक. बाबा त्यांच्याशी धड बोलत नसत. उपदेश नाही, ग्रंथ नाही, साधनेचा क्रम नाही. कलंदर बाबा औलियांचा तजकिरा या कोड्याचे उत्तर जाणिवेच्या शास्त्रात शोधतो, करामतीमागचे मनोव्यापार आणि प्रकाशाचे थर समजावून देतो. विसाव्या शतकातल्या सुशिक्षित मुसलमान वाचकाला तसे स्पष्टीकरण हवेसे वाटणे समजण्यासारखे आहे, पण त्यात कोड्यातला जीव निघून जातो. मराठी पुस्तिका ‘अवधूतांची लीला’ म्हणून मोकळ्या होतात. दोन्ही ठिकाणी प्रश्न न सोडविता मिटविला जातो.

उत्तराचा धागा वाकीच्या पर्वात आहे, आणि तो वाङ्मयीन स्वरूपाचा आहे. कन्हान नदीच्या काठी, शेताशिवारात, पाटलाच्या आश्रयाने बाबा राहत असत. तेथे इमारती नव्हत्या. बाबांनी मोकळ्या जागांना व झाडांखालच्या सावल्यांना नावे दिली. एक जागा शफाखाना, एक मदरसा, एक मशीद. दुखणाइताने येऊन तक्रार सांगितली की त्याला शफाखान्यात जाऊन पडायला सांगत. परीक्षेच्या काळजीने आलेल्या विद्यार्थ्याला मदरशात बसायला पाठवीत. शफाखान्यात वैद्य नव्हता, मदरशात मौलवी नव्हता, मशिदीला मिनार नव्हते. एका झाडाखालून उठून दुसऱ्या झाडाखाली जाणे, एवढाच उपचार.

या नामकरणाकडे चमत्कार म्हणून पाहिले की त्याची धार जाते. ज्या माणसाची सोळा वर्षे सरकारी इस्पितळात गेली, तो मोकळ्या रानाला इस्पितळ म्हणतो. ज्याला पलटणीने आणि मदरशाने वाढविले, तो त्यांची नावे घेऊन भिंती वगळतो. संस्थेतून संस्था काढून घेतली की उरते ते नाव आणि त्या नावावर विश्वासून केलेली एक कृती : उठणे, चालणे, सांगितलेल्या ठिकाणी बसणे. आलेल्याला काही समजून घ्यायचे नव्हते, काही व्हायचे नव्हते, केवळ राजी व्हायचे होते. रिजा या मुक्कामाचे इतके साधे, इतके देहधारी रूप सूफी ग्रंथांतूनही क्वचित आढळेल. नदीकाठच्या सखल जमिनीवर माणसे येऊन बसत, आणि इत्मिनान या शब्दाच्या मुळाशी असलेले चित्र त्या शब्दाचा गंध नसलेल्या वऱ्हाडी-झाडी बोलीच्या शेतकऱ्यांत प्रत्यक्षात येत असे. ‘साकीन मौजे वाकी’ असे कागदावर लिहिताना मराठी कारकुनाने जो शब्द वापरला असता, त्यात राहणे आणि निवणे ही दोन्ही आधीच एकत्र होती.

मराठी चरित्रवाङ्मय हे का टिपू शकले नाही, याचे कारण त्याच्या हाताशी असलेल्या साच्यात आहे. विदर्भातील श्रोत्यावाचकाची चरित्राभिरुची दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ (१९३९) या पोथीने घडविली आहे. शेगावच्या गजानन महाराजांचे उष्ट्या पत्रावळीवरील अन्न वेचीत प्रकट होणे, त्यांची दिगंबर अवस्था, तुटक बोलणे, धनिकांनी त्यांना आपल्या घरी नेण्याची धडपड, नागपूरच्या गोपाळ बुटींच्या वाड्यातला प्रसंग, या सगळ्यांची रचना श्रोत्याच्या मनात तयार असते. ताजुद्दीनबाबांची कथा त्या रचनेत अलगद बसते. रघूजीरावांचा वाडा बुटींच्या वाड्याच्या जागी येतो. हे बसणे निष्फळ नाही. त्यामुळेच हजारो मराठी घरांना एका मुसलमान फकिराचे दार आपले वाटले, आणि ही सामाजिक कमाई कोणत्याही शब्दचिकित्सेपेक्षा मोठी आहे. पण बसविण्याची किंमत दिली गेली. ‘अवधूत’ म्हटले की दत्तसंप्रदायाची वाट उघडते आणि सिलसिल्याची, म्हणजे गुरूकडून गुरूकडे पैगंबरापर्यंत जाणाऱ्या साखळीची, वाट बंद होते. शिर्डीच्या साईबाबांच्या बाबतीत हेच अधिक पूर्णत्वाने घडले. दाभोळकरांचे ‘श्रीसाईसच्चरित’ अल्लाचे नाव, मशीद, फकिरी यांपैकी काहीही लपवीत नाही, ही त्याची प्रामाणिकता. तरीही ओवीची चाल आणि गुरुचरित्राचा आराखडा त्यांचे वजन कमी करतो. साईबाबांचे सेवक अब्दुल यांच्या उर्दू वहीतील सूफी टिपणांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते मारियान वॉरेन यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे. बाबांच्या निधनाला तोवर ऐंशी वर्षे उलटली होती.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही गंभीरपणे घेतला पाहिजे. दर्गा, मजार, मज्जूब या गोष्टीच इस्लामबाह्य आहेत, खरी मनःशांती कुराण व सुन्नत यांच्या आचरणात आहे, असे मानणारा मोठा सुधारक प्रवाह मुसलमान समाजात एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्याच्या दृष्टीने ताजुद्दीनबाबांची कथा हे या विषयाचे चुकीचे उदाहरण ठरेल. धर्मशास्त्रीय निवाडा करणे समीक्षेचे काम नाही. परंतु वाङ्मयीन पुरावा पाहता वाकीची कथा ज्या शब्दांवर उभी आहे ते सर्व कुराणाच्या शब्दकुलातले आहेत, आणि कथेतील शिपाई आपली दुसरी चाकरी बजावताना नमाजातच उभा आहे, एवढे नोंदविले पाहिजे. आचरण विरुद्ध अनुग्रह हा झगडा कथेच्या आतच आहे. तो बाहेरून आणावा लागत नाही.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’पासून (१९६५) आणि विशेषतः १९९० च्या सोलापूर येथील पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून मराठीत मुसलमान लेखकाचा स्वतःचा आवाज उभा राहिला. दंगल, संशय, दारिद्र्य, स्त्रीची कोंडी, धर्ममार्तंडांची सत्ता हे त्याचे विषय असणे अटळ होते, आणि त्यातील सकस लेखनाने मराठी साहित्याचा विस्तार केला. मात्र फजरच्या नमाजानंतर अंगणात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील स्वस्थता या वाङ्मयात फारशी येत नाही. ती लिहिली तर प्रतिगामी ठरू, अशी भीती त्यामागे असावी. ज्या मराठी समीक्षेने वारकऱ्याच्या सुखाला सामाजिक मूल्य मानले, तिने नमाजी माणसाच्या सुखाला तेवढी जागा देऊ केली असती तर ही भीती इतकी टिकली नसती.

शेख महंमदांनी सतराव्या शतकात वेगळी वाट काढली होती. श्रीगोंद्याच्या या कादरी परंपरेतील कवीने आपल्या मराठी ग्रंथाला ‘योगसंग्राम’ हे नाव दिले. नफ्साशी चालणारी जी झुंज सूफी ‘मुजाहदा’ या नावाने ओळखतात, तिला त्यांनी योगाच्या परिभाषेत रणांगण दिले. हेही भाषांतरच आहे. पण येथे भाषांतर करणारा दोन्ही बाजूंचा साकीन आहे. काय सोडतो आहे आणि काय राखतो आहे याची त्याला जाण आहे. विनोबांनी पवनारला अरबी शिकून कुराणातील वचनांची विषयवार निवड केली तेव्हा तीही जाण त्यांच्यापाशी होती, मात्र निवडीच्या चौकटीने वचने सूरेच्या ओघातून सुटी झाली. ताजुद्दीनबाबांच्या मराठी चरित्रकारांना यांपैकी कोणतीच तयारी नव्हती, आणि त्यांना दोष देण्याचे कारणही नाही. त्यांनी ऐकले ते आपल्या भाषेत सांगितले. त्या भाषेत रजा होती, राजीनामा होता, सबूर होते, इमान होते. हे शब्द आपल्या कथानायकाच्या घरचे आहेत हे सांगणारे कोणी त्यांना भेटले नाही. ज्यांनी सांगावे ते अभ्यासक समन्वयाची उदाहरणे वेचीत होते.

ताजबागेत वर्षातून एकदा उर्स भरतो. मराठी वर्तमानपत्रे त्याची बातमी ‘उरूस’ म्हणून देतात, पाळण्यांची आणि गर्दीची छायाचित्रे छापतात. आत संदल निघतो, चादर चढते, कव्वाल रात्रभर गातात, आणि सारे एका विवाहाचे वऱ्हाडी असतात.